दहा मीटरच्या आत

शेवटचा स्क्रू काही केल्या सुटेना. लिफ्टवाल्याने स्क्रूड्रायव्हरच्या टोकावर फुंकर मारली, पुन्हा सगळा जोर लावला. कर्रकन स्क्रू फिरला आणि स्पीकरचं काळं पोट उघडं पडलं.

पस्तीस वर्षं त्याने इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. मनगटाएवढ्या केबलींशी झटलेला माणूस. निवृत्त झाल्यावर आता या केसासारख्या तारा पाहून त्याला घामच फुटला.

स्पीकर लेकीचा. ती कॉलेजात असताना त्यानेच आणून दिलेला. मधल्या खाचेत तिचा गाण्यांचा छोटा प्लेअर उभा राहायचा आणि घर दणाणून जायचं. पुढे तो प्लेअर बिघडला, तसले मिळेनासे झाले, खाच रिकामी राहिली आणि स्पीकर कपाटावर जाऊन बसला.

सकाळीच तो बाजारात जाऊन आला होता. दुकानदाराने काडेपेटीएवढा हिरवा ब्लूटूथचा बोर्ड त्याच्या तळहातावर ठेवला.

"एवढासा? हा ओढेल का खोक्यातले दोन स्पीकर?"

"ओढेल की! स्वस्तातला आहे, पण चिवट आहे. बारा व्होल्टचा जुना अडॅप्टर असेल तर तोच लावा. फक्त एक, याला पासवर्ड-बिसवर्ड नाही. दहा मीटरच्या आत ज्याचा फोन असेल तो जोडला जाईल. शेजाऱ्याचासुद्धा."

"जोडू दे."

"त्यापेक्षा नवाच घ्या ना काका. त्या जुन्या डबड्यात कशाला जीव अडकवता?"

"लेकीचा आहे."

"अस्सं. कुठे असते ती?"

लिफ्टवाल्याने बोर्ड खिशात टाकला. "लांब असते," म्हणाला आणि पायरी उतरला.

आता त्याने कपाळावरचा चष्मा खाली ओढला. खाचेकडे जाणाऱ्या तारा कापल्या, स्पीकरच्या चार तारा तेवढ्या बाजूला काढल्या. सोल्डरचा पहिला थेंब भलतीकडेच पडला. दुसरा बोटावर.

"स्स!"

"भाजलं ना?" स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "सांगून काही उपयोग आहे का तुम्हाला! काय ठेवलंय त्या खोक्यात?"

"तिला आवडायचा."

बायकोने आजही तिघांचा स्वयंपाक केला होता. लिफ्टवाल्याने ते पाहिलं होतं. या घरात हल्ली कमीच बोललं जायचं.

तेरा महिन्यांपूर्वी लेकीने ठरलेलं लग्न मोडलं. पत्रिका वाटून झाल्या होत्या. ती कारण सांगू पाहत होती, पण त्याने ऐकूनच घेतलं नाही. जेवता जेवता म्हणाला, "लोकांना तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस तू." लेक त्याच्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "मग तुम्हीही माझं तोंड बघू नका." ताटावरून उठली, गेली. दार लागलं. त्यानंतर तिचा शब्द त्याच्या कानावर पडला नव्हता.

रोज सकाळी तो तिला फोनवर एक ओळ लिहायचा. 'जेवत जा.' 'थंडी वाढलीय, पांघरूण घे.' थोड्या वेळाने दोन निळ्या खुणा उमटायच्या. तिने वाचलं, एवढंच कळायचं. 'माझं चुकलं' ही ओळही तो रोज लिहायचा आणि रोज खोडायचा. आज मात्र ती त्याने पाठवून दिली होती, आणि धीर सुटायच्या आत चपला घालून बाजाराची वाट धरली होती. दुपारपर्यंत दहादा फोन बघून झाला. खुणा निळ्या झालेल्या. उत्तर नाही.

दोन वाजता त्याने अडॅप्टर लावला. बोर्डावर निळा ठिपका लुकलुकला, कुठल्यातरी परक्या बाईचा ठसकेबाज आवाज आला आणि त्याने फोन जोडताच ती म्हणाली, "कनेक्टेड!"

"कोण बोललं?" बायको धावत आली.

"बोर्ड."

त्याने फोनवर हाताला लागेल ते लावलं. बाजारभावाच्या बातम्या घरभर दणाणल्या.

"एवढा खटाटोप करून कांद्याचे भाव?"

"माझ्याकडे गाणी कुठायत? गाणी तिच्याकडे."

त्याने फोनचं ब्लूटूथ बंद केलं, फोन उपडा ठेवला. बातम्या थांबल्या. बायको खुर्ची ओढून शेजारी बसली. तिने त्याचं भाजलेलं बोट हातात घेतलं.

"छान झालाय," ती म्हणाली.

"छान होऊन काय? तिच्यापर्यंत काय पोचणार आहे यातलं?"

"कनेक्टेड!" परकी बाई म्हणाली.

दोघंही दचकले.

"तुम्हीच काहीतरी दाबलंत."

"मी हातसुद्धा लावलेला नाही."

बायकोचा फोन तर साधा, बटणांचा. तेवढ्यात स्पीकरमधून बासरी सुरू झाली. आधी दबकत, मग मोकळी.

"शेजारचं कुणीतरी जोडलं गेलं," म्हणत तो अडॅप्टर उपटायला उठला. बायकोने त्याचं मनगट घट्ट धरलं. ती शेजारच्या भिंतीकडे बघतच नव्हती.

बासरी थांबली, आणि पॅसेजच्या टोकाशी, तेरा महिने फक्त ताट आत घेण्यापुरतं उघडणाऱ्या दारामागून आवाज आला, "बाबा, ऐकू येतंय का?"