सारनाईची शीळ

नवेगावच्या तलावाकाठी, हिवाळ्यासाठी मंगोलियातून उडत आलेल्या हंसाचा पाय मासेमारीच्या जाळ्यात अडकला होता. रेवा जवळ गेली की तो पंख आपटायचा आणि गुंता आणखीच आवळायचा. त्याच्या गळ्यातल्या पट्टीतून तिची मंगोलियातली मैत्रीण सारनाई सारं ऐकत होती. दोघींच्या शाळांमधल्या वर्गांच्या गप्पा या पट्टीवरूनच चालायच्या आणि भाषांतरही पट्टीच करायची.

“तू जरा थांब,” सारनाई म्हणाली. तो तिच्याकडे पिल्लू असताना ती त्याला घालायची, तीच शीळ पट्टीतून आली.

हंसाने मान कलती केली आणि तो शांत बसला. रेवाने भराभर जाळं कापलं, तसा तो पाण्यात शिरला.

“अगं, हा आवाज कसला?” सारनाईने विचारलं.

“पाण्याचा.”

“आमचं तळं गोठलंय गं. अजून ऐकव ना!”

रेवा चपला काढून पाण्यात उतरली आणि हंसाजवळ हाताने पाणी हलवत राहिली.