तिसऱ्या मजल्यावरचं शटर

नऊ वाजून गेले तरी समोरच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीचं शटर खालीच होतं. एकार्ट झाउटरनं दुर्बीण ठेवली, कोट चढवला, काढला, पुन्हा चढवला आणि शेवटी अंगण ओलांडून गेला.

फेट्झर या नावापुढची घंटा त्यानं पाच वेळा वाजवली. उत्तर नाही. मग त्यानं तळमजल्याची घंटा दाबली.

दार क्योगलबाईंनी, म्हणजे फ्राउ क्योगल यांनी, उघडलं. हातात फडकं, कपाळावर आठ्या. जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये शनिवारी सकाळी अनोळखी माणसाचं स्वागत साधारण असंच होतं.

"काय हवंय?"

"तिसऱ्या मजल्यावरच्या फ्राउ फेट्झर... त्यांचं शटर अजून वर गेलेलं नाही."

"मग? झोपल्या असतील. या आठवड्यात जिना पुसायची पाळी त्यांची, आणि या पायऱ्या बघा! आठ वाजताच त्यांच्या दारावर चिठ्ठी डकवून आले मी."

"दार वाजवलंत?"

"चिठ्ठी डकवली म्हटलं ना. सकाळी सकाळी लोकांची दारं बडवायची म्हणजे काय!" त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही कोण?"

"समोर राहतो, चौथ्या मजल्यावर. त्यांची जादा किल्ली तुमच्याकडे असते. त्या गावाला गेल्या की झाडांना पाणी तुम्हीच घालता."

बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

फ्राउ क्योगल दार लोटून घेऊ लागल्या. "कुणा परक्याच्या सांगण्यावरून मी बाईमाणसाच्या घरात शिरणार नाही. संध्याकाळपर्यंत वाट बघा."

त्यानं दारात पाय घातला.

"त्या झोपलेल्या नाहीत. रोज सहा चाळीसला शटर वर जातं. रविवारी, नाताळात, अंगात ताप असला तरी. सातला ओट्यापाशी उभ्यानंच पाव खातात. मग तीन गोळ्या घेतात, एक पांढरी, दोन पिवळ्या. मग समोरच्या रिकाम्या खुर्चीशी थोडा वेळ बोलतात."

"चौथ्या मजल्यावरून गोळ्यांचे रंग दिसतात?"

"दुर्बिणीतून दिसतात."

फ्राउ क्योगल एक पाऊल मागे सरल्या.

"किती दिवस चाललंय हे?"

"तीन वर्षं."

"शी! लाज नाही वाटत? थांबा, पोलिसांनाच बोलावते."

"बोलवा," झाउटर म्हणाला. "पण आधी किल्ली आणा."

पावणेसातपासून याच एका क्षणाला घाबरून तो आपल्या खोलीत येरझाऱ्या घालत होता. आता तो क्षण आला होता, आणि त्याला फक्त किल्लीची घाई झाली होती.

फ्राउ क्योगल एका हातात किल्ली आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन जिना चढल्या, त्याला तीन पायऱ्या मागे ठेवून. वर दारावर चिठ्ठी होती, चारी कोपरे चिकटपट्टीनं नीट बसवलेली. त्यांनी ती चटकन काढून खिशात कोंबली.

आत अंधार होता. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, फरशीवर, फ्राउ फेट्झर पडल्या होत्या. काल संध्याकाळी शटर खाली ओढताना पाय घसरला होता. खुब्यापासून एक पाय भलत्याच दिशेला वळला होता. अंगावर त्यांनी कसाबसा गालिचा ओढून घेतला होता. ओठ निळे पडले होते, पण डोळे उघडे होते.

फ्राउ क्योगल यांनी आधी रुग्णवाहिकेला फोन केला, मग पोलिसांना. दोन्हीकडे पत्ता अगदी सावकाश, एकेक अक्षर सुटं करून सांगितला.

"दोघंही येतायत," त्या म्हणाल्या. "फ्राउ फेट्झर, तुम्हाला कळायला हवं म्हणून सांगते. हा माणूस तीन वर्षं दुर्बिणीनं तुमच्या घरात बघतोय. तुमच्या गोळ्या मोजतोय! मी खालचं दार उघडायला जाते. आणि तुम्ही, इथून हलायचं नाही."

तो हलणार नव्हताच. त्यानं कोट काढून फ्राउ फेट्झर यांच्या अंगावर घातला. त्यांनी पाणी मागितलं. कप कुठल्या फडताळात असतात ते त्यानं विचारलं नाही, थेट तेच उघडलं. त्यांनी ते पाहिलं. त्यानं त्यांचे ओठ ओले केले आणि शेजारी फरशीवर बसला, मान खाली घालून. आता हाकलतील, ओरडतील, थुंकतील, काहीही करोत, असं त्याला झालं होतं.

"खाली काय बघताय?" घोगऱ्या आवाजात त्या म्हणाल्या. "इकडे बघा की. तीन वर्षं वाटली नाही, ती लाज आजच कुठून आली?"

त्यानं पाहिलं. त्यांचे डोळे घारे होते. दुर्बिणीतून ते कधी कळलं नव्हतं. त्याला एकदम रडू आलं. त्यांनी त्याची बाही पकडली.

जिन्यात पावलं वाजली. "हाच तो!" फ्राउ क्योगल यांचा आवाज आधी आला, मागून स्ट्रेचरवाले दोघे आणि एक तरणी पोलीस बाई. ती फ्राउ फेट्झर यांच्याजवळ वाकली.

"या माणसाबद्दल तुमची काही तक्रार आहे का?"

"आहे," फ्राउ फेट्झर म्हणाल्या. बाही त्यांनी सोडली नव्हती. "माझं शटर सहा चाळीसला वर गेलं नाही. आणि हे आले नवाला."