पोळ्याच्या बोर्डावरची शेवटची ओळ

"एवढी एक ओळ खोडू," मंडळाचे सेक्रेटरी श्रीकांतराव म्हणाले आणि त्यांनी काळ्या मार्करचं टोपण काढलं.

लंडनमधल्या हाउन्सलोच्या लायब्ररीत जुन्या इंग्रजी सणांच्या चित्रांचं प्रदर्शन लागत होतं. शेजारी एक बोर्ड मराठी मंडळाला मिळाला होता, पोळ्याचा. मजकूर संघर्षनं लिहिला होता, इंग्रजीत. झुली, बेगड, घुंगरं, सगळं होतं. आणि शेवटी एक ओळ: पोळ्याला महारांच्या बायका उंबऱ्याबाहेर उभ्या राहून दारोदार अन्न मागत.

"फेस्टिव्हल आहे रे संघर्ष. लोक मुलांना घेऊन येणार. कशाला ते जुनं उगाळायचं?"

शेजारी उभ्या द्रौपदाबाईंनी लेकाचा, संघर्षचा, चेहरा पाहिला. हेही गिळणार हा, त्यांना कळलं. त्या ओळीतल्या बायकांत त्यांची माय होती.

त्यांनी इंग्रजी सणांच्या बोर्डावरच्या एका चित्राकडे बोट केलं. "हे कोन रे? तोंडाले काजळी फासलेले?"

"शेतमजूर, आई. जानेवारीत हाताला काम नसायचं. मग नांगर ओढत दारोदार पैसे मागायचे. खाली लिहिलंय तसं."

"आन् कोनं नाही देल्ले तं?"

"त्याचं अंगण नांगरून टाकायचे."

द्रौपदाबाई एवढ्यानं हसल्या की काउंटरवरची बाई वळून बघायला लागली. "भले रे पठ्ठे हो!" मग त्या श्रीकांतरावांकडे वळल्या. "या गोऱ्यायनं लिवलं ना, आमचे लोक मांगत होते म्हनून? यायची नाही गेली लाज?"

"मावशी, ते वेगळं. ती त्यांची परंपरा आहे."

"मंग आमची काय होती, पिकनिक? आधी बैलाले पुरणपोळी. उरली तं आम्हाले. तेबी वरून टाकत, पदरात."

श्रीकांतराव कानापर्यंत लाल झाले. माणूस वाईट नव्हता. संघर्षला खोली मिळेना तेव्हा यानंच तीन आठवडे स्वतःच्या घरात ठेवलं होतं, ताटाला ताट लावून जेवला होता. त्यानं आयुष्यात कुणाला दारातून हाकललं नव्हतं. तो फक्त खोडायचा. नीटनेटकं, सगळ्यांच्या भल्यासाठी.

"मावशी, समजून घ्या. चांगलं दिसायला हवं हो आपलं."

"आई, जाऊ दे," संघर्ष पुटपुटला.

"तू चूप राह्य. कोनती हाय थे वळ?"

त्यानं दाखवली. द्रौपदाबाईंना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. त्यांनी चष्मा सारखा केला, पुढे झाल्या आणि ओळीवर बोट ठेवलं. निंदणाखुरपणानं वाकडं झालेलं बोट, नख काळं पडलेलं.

श्रीकांतरावांचा मार्कर हवेतच राहिला.

"खोडा ना," त्या म्हणाल्या. "माह्या बोटावरून मारा रेघ."