होडीतले पाच जण

मानपाड्यातल्या गाळ्यात दर्शनाने लाकडी ठोकळ्यावरून पहिला ठसा उचलला. समुद्रात होडी, होडीत पाच मासेमार. उजव्या टोकाला तिचा भाऊ परशुराम. खरी होडी याच पाच जणांना घेऊन गेली होती आणि दोन दिवस तिचा वायरलेस बंद होता.

दुसऱ्या ठशात सहा जण उमटले. डाव्या टोकाला एक अनोळखी माणूस पाठमोरा बसला होता.

तिने ठोकळ्यावरून हात फिरवला. जे लाकूड तिने स्वतः कोरून काढलं होतं, ते तिथे पुन्हा उभं होतं.

तिसऱ्या ठशात त्या माणसाने मान वळवली होती. तो परशुरामकडे बघत होता.

दर्शनाने पटाशी उचलली आणि ठोकळ्याच्या डाव्या टोकाचा माणूस घाईघाईने कापून काढला. शाई लावली, कागद दाबला, उचलला.

होडीत पाच जण होते. अनोळखी माणूस डावीकडे तसाच होता. उजवं टोक रिकामं होतं.

ठोकळ्यावर चित्र उलटं असतं, डावीकडचं उजवीकडे उमटतं, हे ती वीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवत आली होती.

तेवढ्यात वहिनीचा फोन आला. ती हसत होती, रडतही होती.

"अगं, होडी लागली! पाचच्या पाच सुखरूप."

"आणि दादा?"

"हे काय, समोरच बसलेत. तुझ्या गाळ्याचा पत्ता विचारतायत. बघ ना, स्वतःच शोधून दिलेला तुला, आणि विसरले!"