चित्रातली आई

जर्मनीत, रेगेन्सबर्गच्या हॉस्पिटलात डॉक्टर दुसऱ्यांदा येऊन गेले. अपघातानंतर संघर्षचा मेंदू मृत झाला होता, श्वास फक्त मशीन देत होतं. अवयवदानाचं उत्तर त्यांना चारपर्यंत हवं होतं. सही बायकोची, म्हणजे धम्मदीपाची, चालणार होती. पण सासूबाईंच्या होकाराशिवाय तिचा हात पुढे होत नव्हता. आणि कालच नागपूरहून आलेल्या त्या, कमलाबाई, एकच वाक्य बोलत होत्या, "हात गरम आहे त्याचा."

वेटिंग रूमच्या भिंतीवर फिनलंडच्या एका चित्रकाराच्या चित्राची प्रत होती. नदीकाठी तरुण मुलाचं प्रेत, आणि शेजारी बसून आभाळाकडे बघणारी म्हातारी आई. कमलाबाई उठून त्या चित्रापाशी गेल्या.

"ही कशाची वाट बघतेय गं?"

धम्मदीपाने खालची जर्मन माहिती वाचली. "तिकडची जुनी गोष्ट आहे, आई. ती मेलेल्या मुलाला परत जिवंत करते." बोलून गेल्यावर तिने जीभ चावली.

"बघ! करते ना?"

पावणेचार झाले होते. धम्मदीपाने घाईघाईने पुढची ओळ वाचली. "चित्रकाराने स्वतःच्या आईलाच समोर बसवून हे काढलंय."

कमलाबाईंनी चित्रातल्या आईच्या चेहऱ्याकडे पुन्हा पाहिलं.

"म्हणजे हिचा मुलगा जिवंत, समोर उभा होता. हातात ब्रश घेऊन."

"हो, आई."

"मग ती बघेल वाट," कमलाबाई म्हणाल्या. "तू सही कर."