गालांवरच्या रेघा
मिरच्यांची टोपली उतरवून अबेनी दारातच टेकली. इबादानच्या बाजारात दिवसभर ओरडून घसा बसलेला. पण सीमेपलीकडे कोतोनूत राहणाऱ्या बहिणीनंही आता नातीसारखा स्वस्तातला स्मार्टफोन घेतला होता. तीस वर्षांत भेट नव्हती; तिला आपला फोटो पाठवायचा होता. नातीनं काढून दाखवला. "बघ आज्जी, कसली तरणी दिसतेयस!" गाल गुळगुळीत होते. लहानपणी दोघी बहिणींच्या गालांवर एकाच पात्यानं कोरलेल्या घराण्याच्या तीन-तीन रेघा फोननं पुसून टाकल्या होत्या. "परत काढ." परत तेच. "फोनच आपोआप चेहरा तुकतुकीत करतो. मी काय करू? आणि मांजरानं ओरबाडलंय म्हणून लोक चिडवायचे, तेव्हा तूच पावडर थापायचीस ना?" "थापायचे. पण त्या कोरताना आम्ही एकमेकींचा हात धरून बसलो होतो." अबेनी कण्हत उठली, काजळाची डबी आणली, चाचपून गालावरची एकेक रेघ काळी केली. "हं," ती म्हणाली, "आता काढ."