कापराच्या लाकडाचं स्टूल

"मीच उद्घाटन करतो!" म्हणत नवरा माझ्या पहिल्यावहिल्या स्टुलावर बसायला निघाला.

कापराचं लाकूड घमघमत होतं. वरच्या रेषा तर पाण्यात खडा टाकल्यासारख्या. पण ते श्रेय झाडाचं. माझं श्रेय खाली होतं. फोनवर बघून सुतारकाम शिकलेली मी; डुगडुगतंय म्हणून एकेक पाय कापत गेले आणि गुडघाभर उंचीचं स्टूल वीतभर उरलं. तरी डुगडुगतच होतं.

"थांब रे!" सासूबाई कडाडल्या. माझ्या सुतारकामाला उठताबसता 'नसते उद्योग' म्हणणाऱ्या त्याच. "कापराच्या लाकडावर बूड टेकवतोस? चौरंग आहे तो. उद्या गणपती बसायचाय त्यावर."

गणपती बसला, जराही न डुगडुगता. "हात बसलाय हो तुमचा," शेजारीण म्हणाली. मीही निर्लज्जपणे मान डोलावली.

विसर्जनानंतर चौरंग उचलला, तर तोकड्या पायाखाली उदबत्तीच्या रिकाम्या पुड्याची घट्ट घडी. मी सासूबाईंकडे पाहिलं.

"टाकू नकोस ती," हातातल्या वातीवरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी लागेल."